डब्यावर फक्त ‘फडके. पंचवटी. चारही भरल्या.’ : बाबूजींची एक जुनी टेप, मदत हवी आहे

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं मी सुधीर फडक्यांची, म्हणजे आपल्या बाबूजींची, रेडिओवरची ध्वनिमुद्रणं जमवतोय. रेकॉर्डी नव्हेत आणि सिनेमाची गाणीही नव्हेत. त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं कंपन्यांकडे आहेत आणि ती सांभाळायला माणसं आहेत. मी मागे लागलोय ते लोकांनी घरी रेडिओसमोर मशीन, म्हणजे टेपरेकॉर्डर, ठेवून धरून ठेवलेल्या कार्यक्रमांच्या. त्यांत गाण्याआधी निवेदिका बोलते, मध्येच कुणी खोकतं, खालून दूधवाल्याची हाक येते. त्या खोलीत बसून बाबूजींना ऐकल्यासारखं वाटतं. असे कार्यक्रम केंद्रांकडेही सगळे शिल्लक नसतात, कारण तेव्हा टेप महाग होती आणि एका टेपवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण व्हायचं. कुणाच्या तरी माळ्यावर एखादा स्पूल (टेपचं रीळ) उरला, तर तेवढंच उरलं.

मागच्या पंधरवड्यात नाशकात दहीपुलाच्या पलीकडच्या गल्लीत एका जुन्या वाड्याचं पाडकाम चालू होतं. भंगाराच्या हातगाडीवर पत्र्याच्या ट्रंकेत टेपचे पाच इंची डबे दिसले. एकावर निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘फडके. पंचवटी. चारही भरल्या.’ तो घेतला. बाकीच्या डब्यांवर फडक्यांचं नाव नव्हतं, कसली तरी प्रवचनं वाटली, म्हणून ठेवून दिले.

माझ्याकडे साठच्या दशकातलं दोन ट्रॅकचं मोनो मशीन आहे. हेड (मशीनचा टेप वाचणारा भाग) स्पिरिटने पुसून टेप लावली आणि चार मिनिटं ऐकून थांबवली, कारण दोन ठिकाणी जुना जोड सुटायला आला होता. जे ऐकलं ते असं : ‘कोठे सीता जनकनंदिनी’, म्हणजे गीतरामायणातलं गाणं, आवाज शंभर टक्के बाबूजींचा. पण पाठीमागे सतत दबलेला गलका आहे. माणसं बोलल्यासारखी वाटतात, मध्येच गाण्याचा हेल येतो, शब्द मात्र एकही कळत नाही.

माझ्या मनाने घेतलं की हा आपल्या पंचवटीतला कार्यक्रम असणार. रामनवमीचे दिवस, काळारामाच्या आसपास मांडव, लोकांची गडबड, शेजारी दुसरा लाउडस्पीकर. असं असेल तर नाशिकसाठी हा फार मोठा ठेवा आहे. दोन रात्री मला नीट झोप नाही.

प्रश्न दोन. पंचवटीत गीतरामायण झालेलं कुणाच्या घरात कुणी ऐकलं आहे का? आणि ही टेप पुढे वाजवायची कशी?

मुठाकाठ

अभिनंदन! पण एक पंचवटी पुण्यातही आहे. वाकडेवाडीला गीतरामायणाचे कवी गदिमांचा बंगला, त्याचं नाव ‘पंचवटी’. गीतरामायण रेडिओवर संपल्यावर १९५८ साली बाबूजींनी त्याचं जाहीर गायन त्या पंचवटीतच केलं होतं. तुमच्या हाती त्या बैठकीचं काही लागलं असेल, तर प्रश्न फक्त नाशिकचा राहत नाही. डब्यावर साल काहीच नाही का?

गोदाकाठचा

साल नाही. डब्याच्या आतल्या बाजूलाही काही नाही. गदिमांच्या बंगल्याचं नाव माहीत होतं, पण दहीपुलाच्या वाड्यात ‘पंचवटी’ लिहिलेलं पाहिल्यावर मला पूल ओलांडून पलीकडचीच पंचवटी आठवली. वाड्यातला माणूस पुण्याची बैठक कशाला ध्वनिमुद्रित करेल?

स्पूलवेडी

दादा, आधी टेपबद्दल बोलू. नाव नंतर शोधता येईल, टेप तुटली की गेली.

टेप कुठल्या प्लास्टिकची ते कळायला स्पूल उजेडासमोर धरून बाजूने पाहा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची. नाही दिसला तर पॉलिस्टर. अ‍ॅसिटेट कोरडी पडते आणि काडीसारखी तुटते, पण तुकडे स्वच्छ होतात, जोडता येतात. पॉलिस्टर तुटत नाही, ताणली जाते, आणि ताणलेला भाग परत येत नाही. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तो स्पूल बाकीच्यांपासून लगेच वेगळा ठेवा.

फास्ट फॉरवर्ड आणि रिवाइंड अजिबात करू नका. सुटलेला जोड टेप जोडायच्या खास पट्टीनेच चिकटवा. साध्या सेलोटेपचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. आणि ओव्हनमध्ये गरम करायचे जे व्हिडिओ फिरतात, ते ७०–८०च्या दशकातल्या चिकट झालेल्या ठराविक टेपांसाठी आहेत. अ‍ॅसिटेटला उष्णता दिली तर ती कायमची वाकडी होते.

हे सगळं मी हात पोळून शिकले आहे. २००८च्या पुरात सराफ बाजारात आमच्या ओळखीच्यांच्या तळघरात पाणी शिरलं. त्यांच्याकडे माणिकताई वर्मांच्या रेडिओ कार्यक्रमांच्या कॅसेट होत्या. मी मदतीला गेले आणि घाईघाईने केस वाळवायच्या यंत्राने त्या वाळवल्या. आतली टेप आकसली, सुरकुतली. डिस्टिल्ड पाण्यात हलकेच खळबळून सावलीत आठवडाभर वाळत ठेवल्या असत्या, तर निम्म्या तरी वाचल्या असत्या.

नवखा_श्रोता

छान धागा. मला यातलं फार कळत नाही, पण हल्ली एआयने आवाज वेगळा काढता येतो. गलका काढून टाकला तर फक्त बाबूजी ऐकू येतील. फाइल द्या, मी करून बघतो.

गोदाकाठचा

@स्पूलवेडी : ताई, उजेडात पाहिलं. आरपार दिसतोय, म्हणजे अ‍ॅसिटेट. वास नाही. दोन्ही जोड तुम्ही म्हणता तशा पट्टीने घातले.

@नवखा_श्रोता : मित्रा, तुझी मदत हवी आहे, पण आत्ता नको. तो गलका काय आहे हेच मला जाणून घ्यायचंय.

स्पूलवेडी

नवख्या मित्राला दोन शब्द, प्रेमाने.

नव्वदच्या दशकात माझ्याकडे रेडिओवरून धरलेल्या चाळीसेक कॅसेट होत्या. जागा वाचवायची म्हणून मी त्यांतलं सगळं बोलणं कापून फक्त गाणी नव्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवली आणि जुन्या पुसून वापरल्या. आज माझ्याकडे गाणी आहेत, पण ती कुठल्या केंद्रावरून, कुठल्या वर्षी, कुठल्या कार्यक्रमात लागली, वाद्यांवर कोण होतं, यातलं एकही उत्तर नाही. ते सगळं निवेदनात होतं आणि मी ते स्वतःच्या हाताने फेकलं.

दुसरं. काही वर्षांपूर्वी बारा कॅसेट एका दुकानात डिजिटल करायला दिल्या. त्यांनी एमपीथ्री करून दिल्या, खरखर ‘साफ’ करून. खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि ‘स’चा श्वासही गेला. मूळ कॅसेट मागितल्या तर म्हणाले, आता काय उपयोग, टाकल्या.

म्हणून माझा नियम : पहिली फाइल जशीच्या तशी, डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता जपणारी फाइल), २४ बिटची. तिला हात लावायचा नाही. साफसफाई करायची ती प्रतीवर.

व्हॉल्व्हकाका

गोदाकाठचा यांस,

मी देवळालीचा. आयुष्यभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, आता वय ७८. तुमचं वर्णन वाचून मला काही विचारायचं आहे. घाईने उत्तर देऊ नका, ऐकून सांगा.

एक. बाबूजींचा आवाज सगळीकडे सारखा आहे, की हळूहळू खोल जाऊन परत वर येतो?

दोन. मागे बारीक, एका सुरातली शिट्टी आहे का?

तीन. तो गलका गाण्याच्या तालाशी जुळतो का? टाळ्या कुठे आहेत?

चार. ‘चारही भरल्या’ म्हणजे चार काय?

गोदाकाठचा

काका, नमस्कार. आज पुन्हा ती चार मिनिटं ऐकली, हेडफोन लावून, वहीत वेळ टिपत.

आवाज खोल जातो, हो. साधारण दर मिनिटाला एकदा. एकदा तर शब्द पार बुडतात आणि परत येतात. मला वाटलं होतं टेप खराब आहे.

शिट्टी आहे. अगदी बारीक, पण आहे.

गलका तालाशी जुळत नाही. टाळ्या कुठेही नाहीत. कडवं संपतं, वाद्यं थांबतात, तरी गलका चालूच.

चार म्हणजे चार गाणी असावीत असं मी धरलं होतं.

व्हॉल्व्हकाका

मग ऐका. तुम्हाला वाईट वाटेल, पण लगेच बरंही वाटेल.

मांडवातल्या ध्वनिमुद्रणात आवाज असा बुडत नाही. गायक मायक्रोफोनपासून लांब गेला तर कमी होतो, पण मिनिटामिनिटाला लाटेसारखा हेलकावत नाही. हे मीडियम वेव्ह रेडिओचं लक्षण आहे, तेही रात्रीच्या. दिवसा वातावरणातला खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, फक्त जमिनीलगत येणारी लहर पोचते. रात्री तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेली लहरही येते. दोन्ही लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडतात. पुणे इथून दोनशेच्या वर किलोमीटर. तेव्हा नाशिकला स्वतःचं केंद्र नव्हतं. आम्ही सगळे पुणे आणि मुंबई असेच हेलकावे खात ऐकायचो. तुमची बारीक शिट्टी म्हणजे शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं दुसरं केंद्र.

म्हणजे ही टेप रेडिओवरून धरलेली आहे. मांडव नाही, बैठकही नाही. आणि रात्रीची आहे म्हणून सकाळच्या मूळ प्रसारणाची नाही, नंतरच्या पुनःप्रक्षेपणाची. तसंही १९५५ साली नाशकात घरी टेपरेकॉर्डर असलेलं घर मला आठवत नाही.

आता गलका. मला वाटतं तो गलका नाहीच. ‘चारही भरल्या’ म्हणजे चार गाणी नव्हेत, चार पट्ट्या, चार ट्रॅक. टेप चार ट्रॅकच्या मशीनवर भरली आहे आणि तुम्ही ती दोन ट्रॅकच्या मशीनवर वाजवताय. पाव इंची टेपवर चार ट्रॅक आलटून पालटून उलट-सुलट दिशेने असतात. तुमचं हेड रुंद, त्याखाली एक ट्रॅक पूर्ण येतो आणि शेजारच्याची कडही येते. तो शेजारचा ट्रॅक तुम्हाला उलटा ऐकू येतो, शेवटाकडून सुरुवातीकडे. माणूस बोलल्यासारखं वाटतं, हेल कळतो, शब्द कळत नाही. अगदी तुम्ही लिहिलंय तसं.

खात्री करायला टेपला हात लावायची गरज नाही. संगणकावरची फाइल उलटी करून ऐका.

चैत्रपालवी

काका, हे वाचून अंगावर काटा आला. धागाकर्ते, लवकर सांगा!

नवखा_श्रोता

बापरे. आणि मी तो आवाज काढून टाकायला निघालो होतो.

गोदाकाठचा

रात्रीचे पावणेदोन. घरातले झोपलेत.

फाइल उलटी केली. आता बाबूजी उलटे आणि पुढे, तो ‘गलका’ सुलटा आणि मागे. पहिला दीड मिनिट काही कळेना. मग एक बाईंचा आवाज वर आला आणि मी खुर्चीतून उठलो. माणिक वर्मा. ‘मज आणुन द्या तो हरिण अयोध्यानाथा.’ दबलेला, बाबूजींच्या उलट्या आवाजाच्या आड, पण त्यांचाच.

ज्यांना याचं महत्त्व लगेच लक्षात येणार नाही त्यांच्यासाठी. रंगमंचावर आणि नंतर निघालेल्या एलपींवर सगळं गीतरामायण बाबूजी एकटे गातात. राम, सीता, कौसल्या, हनुमान, सगळे त्यांच्याच आवाजात, आणि आपल्या पिढीच्या कानात तेच बसलंय. पण पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला जे सुरू झालं आणि १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला संपलं, त्यात पात्रागणिक वेगळे गळे होते. श्रीराम बाबूजींचे, सीता माणिकताईंची, कौसल्या ललिताबाई फडक्यांची. वसंतराव देशपांडे, मालती पांडे, योगिनी जोगळेकर, लता मंगेशकर, सगळ्यांचा त्यात वाटा. त्या वर्षी अधिक महिना आला, वर्ष लांबलं, म्हणून गाणी झाली ५६.

म्हणजे टेपवर बाईंचा आवाज आहे याचा अर्थ ही रेडिओची मूळ आवृत्तीच आहे, पुनःप्रक्षेपणातली. काका, तुमच्या पाया पडतो.

व्हॉल्व्हकाका

जागरण करू नका. टेप साठ वर्षं थांबली, सकाळपर्यंत थांबेल.

मुठाकाठ

मग पंचवटी कुठली? रेडिओवरून धरलेल्या टेपवर ‘पंचवटी’ का लिहिलं असेल? मशीन पंचवटीत राहणाऱ्या कुणाचं असेल का?

सातपूरकर

मलाही तसंच वाटतं. तेव्हा मशीन गावात दोन-चार घरांतच असायची, लोक एकमेकांकडे जाऊन भरून आणायचे. पंचवटी कारंज्याजवळच्या कुणाकडे भरलं म्हणून ‘पंचवटी’.

(विषय थोडा वेगळा, पण मीही जुनी मशीन दुरुस्त करतो. दहीपुलाच्या त्याच गाडीवरून मी रिकाम्या स्पूलसाठी पाच डबे उचलले होते. जुने पाच इंची स्पूल आता मिळत नाहीत.)

स्पूलवेडी

@सातपूरकर : दादा, थांबा. त्या पाच डब्यांवर काय लिहिलंय? शब्दशः सांगा. आणि स्पूल रिकामे केलेत का?

सातपूरकर

पाहून सांगतो, गोदामात आहेत.

चैत्रपालवी

तोवर एक विचारते. माझ्या सासऱ्यांकडे विविध भारतीवरून धरलेल्या कॅसेट आहेत. आंघोळीच्या खोलीच्या वरच्या माळ्यावर आहेत. हलवू का?

स्पूलवेडी

आजच हलवा. नाशिकच्या पावसाळ्यात माळ्यावर बुरशी धरते, आणि वरून न्हाणीघराची वाफ. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, स्पीकरपासून लांब, बाहेरच्या भिंतीला न लागतील अशा. सासऱ्यांना बसवून प्रत्येक कॅसेटबद्दल काय आठवतं ते आत्ताच लिहून घ्या. कुठल्या घरी राहत होतात, कुणाचा रेडिओ होता, काहीही चालेल.

नवखा_श्रोता

हे सगळं यूट्यूबवर टाकता येईल ना?

मुठाकाठ

सरळ नाही. गीताचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ साली गेले, बाबूजी २००२ साली, म्हणजे ते हक्क अजून बराच काळ वारसांकडे आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षांचा, प्रसारणाचा २५ वर्षांचा, त्यांची गणना वेगळी. घरी जपणं, ऐकणं, अभ्यास करणं ठीक. पूर्ण गाणं जगासमोर ठेवायचं तर परवानगी हवी. माझं मत विचाराल तर एक प्रत आकाशवाणीच्या पुणे केंद्राला देऊ करावी. त्यांच्याकडे नसलेलं काही निघालं तर ते तिथेच शोभेल.

सातपूरकर

मंडळी, डबे पाहिले. जसं लिहिलंय तसं देतोय, तीच निळी शाई :

‘अयोध्या. चारही भरल्या.’
‘अयोध्या. अर्धी.’
‘चित्रकूट. तीन.’
‘किष्किंधा. चारही भरल्या.’
‘लंका. चारही.’

मी डबे घेतले तेव्हा मलाही प्रवचनंच वाटली होती.

एक गोष्ट सांगायला हवी. ‘किष्किंधा’चा स्पूल मी मागच्या रविवारी एक मशीन तपासायला वापरला. हेड लागतंय का पाहायला त्यावर बोलून पाहिलं. पाच-सहा मिनिटं असेल. त्याखाली काय होतं ते मी ऐकलं नव्हतं. हे लिहिताना फार जड जातंय.

मुठाकाठ

अयोध्या, चित्रकूट, पंचवटी, किष्किंधा, लंका.

म्हणजे ती नाशिकची पंचवटी नव्हती आणि पुण्याचा बंगलाही नव्हता. त्या माणसाने टेपा कथेच्या मुक्कामांप्रमाणे लावल्या होत्या. शूर्पणखा आल्यापासून सीता हरवल्यापर्यंत राम जिथे होता, ती पंचवटी.

गोदाकाठचा

आणि तीच तर आपली पंचवटी! रामाची पर्णकुटी, सीतागुंफा, गंगेचा, म्हणजे आपल्या गोदेचा काठ, सगळं दहीपुलावरून चालत जाण्याइतकं जवळ. तो माणूस इथे बसून पुण्याचं केंद्र लावायचा आणि रेडिओतून त्याच्याच गावातली गोष्ट ऐकू यायची. फक्त याच डब्यावर ‘फडके’ का लिहिलं ते आता कळतं. सीता हरवल्यावर रामाची जी दोन गाणी लागोपाठ येतात, ती दोन्ही बाबूजींची. त्याला तीच सापडायला हवी असणार.

@सातपूरकर : दादा, मनाला लावून घेऊ नका. ते डबे मी हातात धरून, वाचून परत ठेवले होते. तुम्ही उचलले म्हणून ते आज गोदामात तरी आहेत, नाहीतर ट्रंकेसकट वितळले असते. फक्त आता त्यांतलं काहीही कुठल्याही मशीनवर लावू नका. सहाही डबे आधी व्हॉल्व्हकाकांकडे जाऊ देत.

व्हॉल्व्हकाका

माझ्याकडे चार ट्रॅकचं एक मशीन आहे, पण त्याचे रबरी पट्टे डांबरासारखे वितळले होते. नवे बसवतोय. पिंच रोलर (टेप ओढणारा रबरी रूळ) घासून घेतला आहे. शुक्रवारी हेडची चुंबकता काढतो. रविवारी सकाळी सगळे या, जेवायलाच या. टेपा एसीच्या गाडीतून आणल्यात तर डबे लगेच उघडू नका, तासभर खोलीच्या हवेत राहू द्या.

एक सूचना. हेडचा कोन त्या माणसाच्या मशीनशी जुळवावा लागेल. प्रत्येक टेपला वेगळा जुळवायचा, ‘स’ आणि झांज जिथे सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे थांबायचं. ते ठरवायला माझे कान आता पुरेसे नाहीत, वरचे स्वर मला कमी येतात. नवखा श्रोता हे गृहस्थ तरुण असतील तर त्यांनी यावं.

नवखा_श्रोता

काका, मी २३ वर्षांचा आहे. इंदिरानगरला राहतो. नक्की येतो.

गोदाकाठचा

रविवारचा वृत्तान्त. थोडा लांब आहे.

आम्ही सात जण होतो. स्पूलवेडीताई वही घेऊन, सातपूरकर पाचही डबे कापडात गुंडाळून, चैत्रपालवी सासऱ्यांना घेऊन. काकांनी मशीनवर आधी स्वतःची जुनी टेप तासभर फिरवली, मगच आमच्या टेपेला हात लावला. नवख्या मित्राने डोळे मिटून कोन जुळवला. ‘थोडं परत, अजून, बस.’ त्या ‘बस’ला खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. बाबूजींच्या आवाजावरचं घोंगडं कुणीतरी उचलल्यासारखं झालं.

चार ट्रॅक, चारही स्वच्छ वेगळे. शूर्पणखेचं ‘कोण तू कुठला राजकुमार’ आहे. माणिकताईंची दोन आहेत, हरणाचं आणि ‘याचका थांबु नको दारात’. बाबूजींची दोन. ‘सूड घे त्याचा लंकापति’ अर्धंच, तिथे टेप संपली. ‘ही तिच्या वेणिंतिल फुले’ लागलं तेव्हा मध्यावर केंद्र बुडालं, जवळजवळ पूर्ण, आणि व्हायोलिनच्या एका तुकड्यावर परत वर आलं. एरवी मी याला दोष म्हणालो असतो. काल कुणी हललं नाही. चैत्रपालवीचे सासरे म्हणाले, आम्ही असंच ऐकलंय सगळं, कान रेडिओला लावून, परत येईल परत येईल म्हणत.

‘किष्किंधा’ही लावली. सुरुवातीची साडेपाच मिनिटं सातपूरकरांचा आवाज, ‘एक, दोन, तीन, माइक चाचणी’. ते मान खाली घालून बसले होते. ताईंनी वहीत तेही लिहिलं, वेळ टिपून, जसं बाकीचं लिहिलं तसंच. त्यानंतर ‘सन्मित्र राघवांचा’ मध्यापासून सुरू होतं आणि पुढचं सगळं आहे.

आता एक शेवटचं. ‘पंचवटी’च्या चौथ्या ट्रॅकवर गाणं संपतं आणि लगेच खोलीतला एक आवाज येतो, रेडिओतला नव्हे. बाई म्हणते, ‘बंद कर आता, टेप जाते.’ आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘थांब ना आई, नावं सांगायचीत अजून.’ मग निवेदक नावं सांगतो. कवी, संगीत, गायक. शेवटच्या नावानंतर खट्ट.

तो मुलगा आता सत्तरीच्या आसपास असेल. वाड्याचे मूळ मालक केव्हाच दुसरीकडे गेले असं गल्लीतले म्हणतात, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने कुणाचा तरी फोन मिळवून देतो म्हणून सांगितलंय. मिळाला की आधी त्यांना ती बारा सेकंदं ऐकवायची आहेत.

पुढचा रविवार ‘चित्रकूट’. ताई, वही आणा. सातपूरकर दादा, तुम्ही स्पूल लावायचा आहे, काकांनी सांगितलंय.

सातपूरकर

येतो. नऊला पोचतो.